लिनक्सचा डेस्कटॉप उघडत नाही: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

कालपर्यंत नीट चालणारं यंत्र आज पासवर्ड घेतं, क्षणभर काळं होतं आणि परत पासवर्डच मागतं. किंवा सुरुवातीचा लोगो दिसतो आणि पुढे नुसता अंधार. ओळखीपाळखीच्या लोकांची लिनक्स यंत्रं दुरुस्त करताना हा प्रकार इतक्यांदा पाहिलाय, की लक्षण ऐकलं तरी पहिला संशय कोणावर घ्यायचा ते कळतं. आणि बहुतेक जण मला गाठतात तेव्हा 'पुन्हा इन्स्टॉल करून टाकावं का?' हाच प्रश्न घेऊन येतात. थांबा. डेस्कटॉप हा सगळ्यात वरचा थर आहे. तो आला नाही म्हणून खालचं कर्नल (हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा), तुमच्या फाइली, नेटवर्क यांना धक्का लागलाय असं समजू नका. ते सहसा शाबूत असतं, आणि तिथूनच दुरुस्ती करता येते.

इथलं सगळं उबुंटू, डेबियन, मिंट या घराण्याला जसंच्या तसं लागू आहे. फेडोरा वगैरेंवर प्रोग्राम बसवणाऱ्या एपीटी या आज्ञेच्या जागी डीएनएफ येईल, बाकी तर्क तोच. आज्ञा मी फोनवर सांगाव्यात तशा उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलंय. 'डॉट' म्हणजे टिंब, आणि 'सुडो' म्हणजे पुढची आज्ञा रूट, अर्थात यंत्राचा सर्वाधिकारी, म्हणून चालवणं.

आधी लक्षण ओळखा

'डेस्कटॉप येत नाही' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. यातलं नेमकं काय होतंय ते पाहा:

- पासवर्ड बरोबर असूनही पडदा एकदा लुकलुकतो आणि परत लॉगिनवर येतो. संशय: डिस्क भरली आहे किंवा तुमच्या होम फोल्डरातल्या (तुमच्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरातल्या) फाइलींची मालकी बिघडली आहे.
- लोगोनंतर काळा पडदा, वर डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी छोटी रेघ. संशय: ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम.
- लॉगिन होतं, पण पुढे फक्त माऊसचा बाण. किंवा काहीतरी बिघडल्याचा संदेश आणि खाली लॉग आउटचं बटण. संशय: एक्स्टेंशन (डेस्कटॉपला वरून जोडलेली भर), थीम, सेटिंग.
- चित्र नाहीच, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत युजरनेम विचारलं जातं. संशय: डिस्प्ले मॅनेजर बंद आहे, नाहीतर उडालाय.
- डेस्कटॉप येतो, पण सगळं भलंमोठं दिसतं, खिडकी सरकवली की फरफटत येते, पंखा जोरात फिरतो. संशय: ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर लोड झालेला नाही, चित्रं प्रोसेसर काढतोय.

'पासवर्ड चुकला' असा संदेश येत असेल तर ते वेगळं प्रकरण. तेव्हा आधी कीबोर्डचा लेआउट पाहा. लॉगिनच्या पडद्यावर मराठी इनस्क्रिप्ट निवडलेलं राहिलं तर बरोबर कळा दाबूनही पासवर्ड चुकतो, आणि ठिपक्यांमागे काय उमटतंय ते दिसत नाही.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: शेवटचं चाललं त्यानंतर काय बदललं? अपडेट, नवा मॉनिटर, मध्येच गेलेली वीज, इंटरनेटवरून चिकटवलेली एखादी आज्ञा. 'काहीच नाही केलं' हे उत्तर क्वचितच खरं असतं, कारण अपडेट बऱ्याचदा आपोआप होतात.

हात न मळवता होणाऱ्या तपासण्या

मॉनिटरची केबल पाहा. डेस्कटॉप संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाला हवी, मदरबोर्डला नको. लॅपटॉपला डॉक, टीव्ही, प्रोजेक्टर जे काही जोडलं असेल ते काढा. डेस्कटॉप व्यवस्थित चालू असतो, फक्त तो बंद असलेल्या दुसऱ्या पडद्यावर गेलेला असतो, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

मग कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? तसं होत असेल तर कर्नल जिवंत आहे आणि बिघाड फक्त चित्रापुरता आहे. दिवा ढिम्म राहिला तर यंत्रच गोठलंय. (काही लॅपटॉपना हा दिवाच नसतो, तिथे ही खूण सोडून द्या.) लोगोवर अडकलं असेल तर एस्केप दाबा. लोगो बाजूला होतो आणि मागच्या ओळी दिसतात. डिस्कची तपासणी चालू असेल तर ती पूर्ण होऊ द्या, बटण दाबून मध्येच बंद करू नका.

नुकतंच अपडेट झालं असेल तर जुना कर्नल ही सगळ्यात स्वस्त चाचणी. यंत्र सुरू होताना ग्रबचा मेनू (कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारा) आणायचा: जुन्या यंत्रांतल्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा, नव्यांतल्या यूईएफआयवर एस्केप हलकेच दाबा. त्यात प्रगत पर्यायांखाली आधीचे कर्नल असतात. वरून दुसऱ्या आवृत्तीचा निवडा, रिकव्हरी लिहिलेला नको. त्यावर डेस्कटॉप आला तर खूप काही कळलं: डिस्क ठीक, होम ठीक, दोष नव्या कर्नलचा किंवा त्याच्याशी न जुळलेल्या ड्रायव्हरचा. थेट ड्रायव्हरच्या भागाकडे जा.

लॉगिनच्या पडद्यावर नाव निवडल्यावर कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं. तिथे वेलँड आणि एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या दोन पद्धती) असे दोन पर्याय असतील तर जो निवडलेला नाही तो वापरून पाहा. अलीकडच्या आवृत्त्यांत, उदाहरणार्थ उबुंटू २५.१० च्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये, एक्सऑर्गचा पर्यायच काढलाय. तेव्हा तो दिसला नाही तर शोधत बसू नका.

अक्षरांच्या पडद्यावर जा

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. लॅपटॉपवर सोबत एफएन कळही लागू शकते. काळ्या पडद्यावर युजरनेम विचारलं जाईल. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, ते तसंच असतं. परत चित्राच्या पडद्यावर जायला त्याच दोन कळांसोबत एफ१, एफ२, किंवा जुन्या मांडणीत एफ७.

इथे लॉगिन झालं की तुमचं खातं, पासवर्ड आणि फाइली जागेवर आहेत हे सिद्ध झालं. हा पडदाच आला नाही तर ग्रबमधून रिकव्हरी मोड निवडा आणि रूट शेल (रूट म्हणून आज्ञा देण्याचा पडदा) घ्या, पुढचं बहुतेक सगळं तिथूनही करता येतं. तिथे आपण आधीच रूट असतो, त्यामुळे आज्ञेतला सुडो लागत नाही.

डिस्क भरली आहे का

लॉगिन परत परत मागणाऱ्या यंत्रावर मी पहिली आज्ञा हीच देतो: डीएफ -एच. शेवटच्या स्तंभात नुसती तिरकी रेघ असलेली ओळ शोधा, आणि /होम वेगळं असेल तर तीही. वापराचा आकडा १०० टक्के दिसला की चोर सापडला.

भरलेल्या डिस्कवर लॉगिनचा पडदा तरी कसा येतो? ईएक्सटी४ फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) तयार होताना मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. सामान्य वापरकर्त्याला डिस्क भरलेली असते, पण रूटच्या सेवांना अजून लिहायला वाव असतो. म्हणून यंत्र सुरू होतं, पासवर्ड तपासला जातो, आणि मग तुमचं सत्र एक बारीकशी फाइल लिहायला जातं आणि तिथेच कोसळतं.

आधी बिनधोक सफाई: सुडो एपीटी क्लीन. याने उतरवून ठेवलेली पॅकेजं जातात, बसवलेलं काही जात नाही. मग सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम (एम मोठा). याने जर्नलमधल्या, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीतल्या, जुन्या नोंदी जातात. एवढ्याने डेस्कटॉप परत येण्यापुरती जागा बऱ्याचदा होते. पण लगेच खूश होऊन निघून जाऊ नका, कारण हाच बिघाड आठवड्याभरात परत येतो. जागा खाल्ली कोणी ते पाहा: सुडो डीयू -एक्सएच -डी १ / असं टाइप करून पाइपची उभी रेघ आणि पुढे सॉर्ट -एच. तळाशी एकूण बेरीज येते आणि तिच्या लगेच वर सगळ्यात मोठं फोल्डर. त्याच्या आत शिरा, परत तीच आज्ञा.

जर्नल सहसा दोषी नसतं. ते मुळातच फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतच वाढतं. खरे खादाड वेगळे: त्याच डिस्कवर साठणारे टाइमशिफ्ट या प्रोग्रामने घेतलेले यंत्राचे स्नॅपशॉट, होममधला कधीच न रिकामा केलेला ट्रॅश, आणि एखाद्या बिघडलेल्या प्रोग्रामने एकच ओळ लाखो वेळा लिहून फुगवलेली सिसलॉग ही नोंदींची फाइल. ती लॉग पुसू नका. लिहिणारा प्रोग्राम ती धरून बसलेला असेल तर नाव जातं पण जागा सुटत नाही. सुडो ट्रंकेट -एस ० आणि पुढे फाइलचा पत्ता, असं केलं की ती जागच्या जागी रिकामी होते. मग त्या एकाच ओळीत कोणाचं नाव आहे ते वाचून त्या प्रोग्रामचा बंदोबस्त करा.

जागा शिल्लक दिसते तरी 'जागा नाही' असा संदेश येत असेल तर डीएफ -आय पाहा. लाखो बारक्या फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीच्या नोंदीची जागा) संपलेले असू शकतात.

फाइलींचा मालक कोण

दुसरा नेहमीचा गुन्हेगार. एलएस -एलए टाइप करून होम फोल्डरातल्या सगळ्या फाइली पाहा, ठिपक्याने सुरू होणाऱ्यासुद्धा. प्रत्येक ओळीत तिसऱ्या जागी मालकाचं नाव असतं. तुमच्या होममध्ये सगळीकडे तुमचंच नाव हवं. डॉट-एक्सऑथॉरिटी किंवा डॉट-आयसीईऑथॉरिटी या फाइलींपुढे 'रूट रूट' दिसलं की समजायचं, कधीतरी एखादा चित्रांचा प्रोग्राम सुडो लावून उघडला गेलाय. त्याने रूटच्या नावाने तुमच्या घरात फाइल टाकली, आणि आता तुमच्या सत्राला स्वतःचीच किल्ली उघडता येत नाही.

फक्त दोन फाइलींवर न थांबता फाइंड ~ -यूजर रूट ही आज्ञा द्या, रूटच्या नावावरचं सगळं बाहेर येईल. दुरुस्ती: सुडो सीएचओडब्ल्यूएन -आर नाव: /होम/नाव. यात आर मोठा, 'नाव' च्या जागी तुमचं युजरनेम, आणि पहिल्या नावाला चिकटून विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके. एंटर मारण्याआधी पत्ता परत वाचा. होमच्या आधी चुकून जागा सुटून नुसती तिरकी रेघ उरली तर सगळ्या यंत्राची मालकी बदलेल, आणि ते निस्तरण्यापेक्षा पुन्हा इन्स्टॉल करणं खरोखरच सोपं पडेल.

जाता जाता एलएस -एलडी /टीएमपी पाहा. परवानग्यांच्या शेवटी 'टी' हवा. नसेल तर सुडो सीएचएमओडी १७७७ /टीएमपी.

नवा वापरकर्ता

सुडो अ‍ॅडयूजर आणि पुढे कोणतंही तात्पुरतं नाव. चित्राच्या पडद्यावर जाऊन त्या नावाने लॉगिन करून पाहा. त्याला डेस्कटॉप मिळाला तर ड्रायव्हर, डिस्प्ले मॅनेजर, कर्नल सगळे निर्दोष. गोची तुमच्या सेटिंगमध्ये आहे. ही चाचणी लोक टाळतात आणि उगाच ड्रायव्हर उपटत बसतात.

सेटिंगमध्ये आधी एक्स्टेंशन. ग्नोमची आवृत्ती बदलली की जुनी एक्स्टेंशन रुसतात. होमखाली डॉट-लोकल, शेअर, ग्नोम-शेल, एक्स्टेंशन्स या फोल्डराचं एमव्ही आज्ञेने नाव बदला. पुसायचं काहीच नाही, फक्त नाव बदलायचं. उपयोग झाला नाही तर परत पहिलं नाव देता येतं. त्याने भागलं नाही तर डॉट-कॉन्फिग फोल्डराचंही तसंच करा. डेस्कटॉप नव्यासारखा कोरा दिसेल, तुमच्या फाइली जिथल्या तिथे राहतील.

अक्षरांच्या पडद्यावर एलएस टाइप केल्यावर 'अशी आज्ञा सापडत नाही' असं उत्तर आलं तर पाथ, म्हणजे आज्ञा कोणत्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, बिघडलाय. डॉट-प्रोफाइलमध्ये किंवा ईटीसीमधल्या एनव्हायरन्मेंट फाइलमध्ये कोणीतरी ओळ घातलेली असते. ही दुसरी फाइल स्क्रिप्ट नाही. तिथे डॉलरचिन्ह लावून जुना पाथ जोडता येत नाही, ती अक्षरं तशीच घेतली जातात. संपादक पूर्ण पत्त्याने उघडा: /यूएसआर/बिन/नॅनो, आणि ती ओळ काढा.

डिस्प्ले मॅनेजर आणि अर्धवट अपडेट

सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर. उत्तर 'फेल्ड' असेल तर सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर करून पाहा. सेवाच सापडत नाही असं म्हटलं तर ती उडाली आहे. कोणी उडवली ते /व्हीएआर/लॉग/एपीटी मधल्या हिस्टरी डॉट लॉगमध्ये तारखेसह लिहिलेलं असतं. बऱ्याचदा तिथे कोणीतरी यंत्राचं मूळ पायथन काढून टाकल्याचं दिसतं, आणि त्यावर टेकलेला सगळा डेस्कटॉप त्याच्यासोबत गेलेला असतो. उबुंटूवर सुडो एपीटी इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप करून तो परत येतो. नेटवर्क नसेल तर केबल लावा, फोन यूएसबीने जोडा, किंवा एनएमटीयूआय टाइप करून वायफाय निवडा.

अपडेट चालू असताना वीज गेली असेल तर याच्याही आधी दोन आज्ञा: सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, आणि ती संपल्यावर सुडो एपीटी इन्स्टॉल -एफ.

सेवा ठीक आहे पण यंत्र दर वेळी अक्षरांवरच थांबतं? सिस्टमसीटीएल गेट-डीफॉल्ट पाहा. मल्टी-यूजर असं उत्तर आलं तर सेट-डीफॉल्टने ग्राफिकल डॉट टार्गेट करा.

ड्रायव्हर

इथवर काही सापडलं नाही, किंवा जुन्या कर्नलवर चाललं, तर इथे या. एलएसपीसीआय -के टाइप करा, ग्राफिक्सच्या नोंदीखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते पाहा. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, म्हणून ते कर्नलसोबत बदलतात. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर वेगळा बसवलेला असतो आणि तो प्रत्येक कर्नलसाठी जुळवावा लागतो. जुळणी हुकली की काळा पडदा.

ही जुळणी डीकेएमएस करतो. डीकेएमएस स्टेटसमध्ये नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' दिसत नसेल तर बहुधा त्या कर्नलच्या हेडर फाइली (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या) नाहीत. त्या बसवा, ड्रायव्हर पुन्हा बांधला जाईल. 'इन्स्टॉल्ड' आहे तरी लोड होत नसेल तर एमओकेयूटिल --एसबी-स्टेट पाहा. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये लोड होणारा ड्रायव्हर, कर्नल घेत नाही. यंत्र सुरू होताना किल्ली नोंदवण्याचा निळा पडदा येतो, तो घाईत ओलांडला जातो आणि मग हा घोळ होतो.

दर कर्नल अपडेटनंतर हेच होत असेल तर ड्रायव्हर कसा बसवलाय ते आठवा. संकेतस्थळावरून उतरवलेली रन फाइल चालवून बसवला असेल तर पॅकेज मॅनेजरला त्याची खबरच नसते. तो काढा (त्याच रन फाइलला --अनइन्स्टॉल लावून) आणि वितरणाच्या भांडारातला बसवा. उबुंटूवर सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल. माझ्या मते घरच्या यंत्रावर रन फाइलला जागाच नाही.

पडदा येतच नसेल तर ग्रबमध्ये नोंदीवर ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून नोमोडसेट लिहा, कंट्रोल-एक्स दाबा. याने कर्नल स्वतः पडद्याची मांडणी करत नाही आणि साधं, मंद का होईना, चित्र मिळतं. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. तो कायमचा करून मोकळे होऊ नका, ड्रायव्हर बसवेपर्यंतचा हा आधार आहे. ग्राफिक्स कार्ड बदललं असेल तर /ईटीसी/एक्स११ मधल्या जुन्या एक्सऑर्ग डॉट कॉन्फ फाइलचंही नाव बदला. तिच्यात कधीकधी काढून टाकलेल्या कार्डाचा पत्ता लिहिलेला असतो.

अजूनही अडलं तर जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर म्हणजे मागच्या वेळच्या चुका. लाल ओळी पाहून घाबरू नका. धडधाकट यंत्रावरही एसीपीआयच्या (वीज-व्यवस्थापनाच्या) दोन-चार लाल ओळी असतात. ड्रायव्हरचं, ग्नोम-शेलचं किंवा डिस्प्ले मॅनेजरचं नाव असलेली ओळ शोधा.

इथे हात थांबवा

लॉगमध्ये डिस्कच्या नावासोबत 'आय-ओ एरर' दिसली, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येतोय: यंत्र बंद करा. अशा डिस्कवर एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) परत परत चालवलं तर उरलेला डेटाही जाऊ शकतो. बॅकअप नसेल तर डेटा काढणाऱ्या जाणकाराकडेच न्या. डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली गेली आहे पण अशी चूक कुठेच नाही, वीज गेल्याचं मात्र आठवतंय, तर लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) एकदा एफएससीके करायला हरकत नाही. ते विभाजन (पार्टिशन) जोडलेलं नसताना.

कंपनीचा लोगो किंवा ग्रबचा मेनू दिसतानाच पडद्यावर रंगीत ठिपके, पट्टे येत असतील तर लिनक्सचा काही संबंध नाही. कार्ड, पॅनेल किंवा केबल गेली आहे. लाइव्ह यूएसबीवरही तीच गत असेल तर निदान जवळपास पक्कं. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जर काढा, यंत्र चालू करून पाहू नका. कूटबद्ध डिस्क बरोबर पासफ्रेज नाकारत असेल आणि लेआउटही बरोबर असेल, तर तिच्यावर काहीही लिहिणारी आज्ञा देऊ नका. आणि यंत्र ऑफिसचं असेल तर यातलं केबलपलीकडचं काहीच न करता तिथल्या आयटीवाल्यांना सांगा.

दुरुस्ती करणाऱ्याकडे जाताना तीन गोष्टी न्या: पडद्याचा फोटो, शेवटी काय बदललं होतं ते, आणि आतापर्यंत तुम्ही दिलेल्या आज्ञांची यादी. हिस्टरी टाइप केलं की ती यादी समोर येते, तिचाही फोटो काढा.